तीन पौंडांचा कर आणि दुकानाचा परवाना: दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीमधले दोन फास

गिरमिट (ठराविक वर्षांचा मजुरीचा करार) संपलेल्या भारतीय मजुराने मायदेशी परतावं किंवा पुन्हा करार करावा, म्हणून 1895 च्या कायद्याने वर्षाला 3 पौंडांचा कर लादला. नव्या मजुराचा पगार महिना 10 शिलिंग (अर्धा पौंड). म्हणजे सहा महिन्यांची कमाई करातच. पुढे 16 वर्षांचे मुलगे आणि 13 वर्षांच्या मुलीही त्यात ओढल्या गेल्या. घरात कर लागू होणारी चार माणसं असली, की 12 पौंड!

व्यापाऱ्यांसाठी 1897 चा परवाना कायदा. त्यात भारतीयांचा उल्लेखही नाही, म्हणून तो जास्त धूर्त. हिशेबाच्या वह्या इंग्रजीत नाहीत किंवा जागा अस्वच्छ, एवढ्यावर परवाना नाकारता येई. अपील गोऱ्यांच्या नगरपरिषदेकडे. 1909 पर्यंत कोर्टाची दारं बंद.

कर 1913 च्या मजूर-संपानंतर, 1914 मध्ये रद्द झाला. परवान्याचा जाच मात्र राहिला.