नीलकमळ की कुमुद: कुंडात कोणतं लावायचं?

दोघांनाही आपण सरसकट कमळ म्हणतो. पण खरं कमळ वेगळ्या कुळातलं, त्याची पानं पाण्याबाहेर उंच उभी राहतात. नीलकमळ, म्हणजे निम्फिया नौचाली, आणि कुमुद, म्हणजे निम्फिया प्युबेसन्स, ही एकाच प्रजातीतली भावंडं. दोघांची पानं पाण्यावर तरंगतात. म्हणूनच रोप घेताना घोटाळा होतो.

फुलाच्या रंगावर जाऊ नका. नीलकमळ निळं असतं तसं पांढरंही असतं, आणि कुमुद पांढरं किंवा गुलाबी. खात्री करायची तर पान उलटं करून बघा. कुमुदाच्या पानाला खालून बारीक लव असते, शिरा ठसठशीत वर आलेल्या असतात आणि कडेला करवतीसारखे टोकदार दाते असतात. त्याच्या नावातला ‘प्युबेसन्स’ म्हणजे लव असलेलं. नीलकमळाचं पान खालूनही गुळगुळीत, कड सपाट किंवा जरा नागमोडी.

खरा फरक वेळेचा आहे, आणि माझ्या मते निवड त्यावरच करावी. नीलकमळ सकाळी ऊन चढलं की उमलतं आणि दुपार कलली की मिटायला लागतं. कुमुद अंधार पडताना उमलतं, रात्रभर उघडं राहतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा मिटतं. कवींनी त्याचं नातं चंद्राशी जोडलं, पण अमावस्येलाही ते तितकंच फुलतं. दिवसभर बाहेर असाल तर नीलकमळ लावून तुम्हाला मिटलेल्या कळ्याच दिसतील. तुमच्यासाठी कुमुदच.

घरी असाल तर मात्र मी डोळे मिटून नीलकमळ सुचवेन. त्याला छान सुगंध असतो आणि दिवसभर मधमाश्या येतात. पहिल्या दिवशी उमललेल्या फुलात वाकून बघा: मधोमध वाटीत पाण्यासारखा द्रव साचलेला असतो. दुसऱ्या फुलावरून आलेली माशी त्यात घसरली की तिच्या अंगावरचे पराग धुऊन निघतात. त्या फुलाचे स्वतःचे पराग दुसऱ्या दिवसापासून सुटतात.

जागा लहान असेल तरीही नीलकमळच बरं. कुमुदाची पानं मोठी होतात, पसरट कुंड नसेल तर ती एकमेकांवर चढतात. बाकी दोघांच्या गरजा सारख्याच: संथ पाणी, चिकणमाती आणि पाच-सहा तासांचं थेट ऊन. कुमुद रात्री फुलतं म्हणून त्याला सावलीत ठेवू नका, पानांना ऊन मिळालं नाही तर कळ्याच धरत नाहीत.