संध्याकाळी किती दिसतं, असं विचारणारा फॉर्म

आपल्याकडे कुठल्याही कचेरीत गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती टक्के? यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, पुढे करायचं, त्यावरचे अपंगत्वाचे टक्के वाचले जातात आणि पुढचं बोलणं माझ्याऐवजी आईशी सुरू होतं. त्यामुळे जर्मनीतल्या मार्बुर्गच्या यूथ एक्स्चेंजचा, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या तरुणांच्या शिबिराचा, फॉर्म आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. त्यात टक्के कुठेच नव्हते. उजेड कमी झाल्यावर तुम्ही एकट्या चालता का? छापील कागद किती मोठ्या अक्षरात हवा, की फोनवर पाठवू? पायऱ्यांच्या कडांना वेगळा रंग नसेल तर अडचण येते का? सोबत मदतनीस हवा असेल तर घरचा आणणार, की आम्ही द्यायचा? चार पानं असेच प्रश्न.

मी २३ वर्षांची, बडोद्यात दांडिया बाजारात राहते. मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. लहानपणी घरात त्याला रातांधळेपणा म्हणायचे आणि आजी रोज गाजर खायला लावायची. आता दिवसा समोरचं दिसतं, पण नळीतून पाहावं तसं. बाजूचं काही नाही, आणि दिवेलागणीनंतर जवळपास काहीच नाही. न्यायमंदिराजवळचा रस्ता मी अंधार पडल्यावर एकटीने कधी ओलांडलेला नाही. पांढरी काठी होती, पण पर्समध्ये घडी घालून. ओळखीचं कुणी बघेल म्हणून.

शिबिर सोळा दिवसांचं, सहा देशांतली अठ्ठावीस मुलं-मुली, त्यातली साधारण निम्मी अपंग. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही लिहिणार आहे, आणि अशी शिबिरं घेणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. जे सांगतेय ते कुठल्याही संस्थेला विचारून बघा.

पहिला त्रास घराजवळच झाला. इकडच्या समन्वयकांनी ऐन वेळी सांगितलं की मुलगी अशी आहे, तर आई किंवा वडील स्वखर्चाने बरोबर हवेत, आणि वर हमीपत्रही द्या. बाबा पैशांची जुळवाजुळव करायला लागलेसुद्धा. मी सरळ जर्मनीला मेल केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: मदतनिसाचा खर्च शिबिराच्या बजेटमध्येच आहे, आई-वडिलांची अट आम्ही घातलेली नाही. तेव्हा मधल्या माणसाचं म्हणणं शेवटचं धरू नका, मूळ आयोजकांना स्वतः लिहा.

व्हिसासाठी अहमदाबादला जावं लागलं. शेंगेन व्हिसाची, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाची, फी ९० युरो आहे, पण ना-नफा संस्थेने घेतलेल्या सांस्कृतिक किंवा शैक्षणिक कार्यक्रमाला ना-नफा संस्थेच्याच वतीने जाणाऱ्या २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांना ती माफ होते. निमंत्रणपत्रात हे स्पष्ट लिहून घ्या. व्हिसा अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावं लागतं. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो; प्रवासाला पंधरा दिवसांहून कमी उरले असतील तर उशीर झाला.

विमानतळावर मदत ४८ तास आधी मागितली होती. तरी एका ठिकाणी मला व्हीलचेअरमध्ये बसवायचा आग्रह झाला. पाय धड आहेत, मला फक्त कोपर धरायला माणूस हवाय, हे तीनदा सांगितल्यावर ऐकलं. हे वाक्य आधीच पाठ करून ठेवा, हिंदीत आणि इंग्रजीत.

मार्बुर्ग निवडण्यामागे कारण होतं. ब्लिस्टा ही अंध विद्यार्थ्यांची संस्था तिथे १९१६ पासून आहे, पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या तरुणांच्या शिक्षणासाठी निघालेली. शंभर वर्षं अंध मुलं त्या गावात शिकतायत, त्यामुळे गावालाच सवय झालीय. सिग्नलचा खांब हलकेच टकटक करत राहतो, म्हणजे तो कुठे आहे ते कळतं; हिरवा झाला की आवाज बदलतो. खांबावरच्या डबीवर बोटाला लागेल असा उठावाचा बाण, रस्ता कुठल्या दिशेला ओलांडायचा ते सांगणारा. बेकरीतली बाई माझी काठी बघून काही बोलली नाही, फक्त सुटे पैसे हातात मोजून ठेवले. तिसऱ्या दिवसापासून काठी पर्समध्ये गेलीच नाही.

एलिझाबेथ चर्चचं बांधकाम १२३५ साली सुरू झालं. त्याची ब्राँझची छोटी प्रतिकृती हाताने बघता येते. उन्हात धातू तापला होता. दोन्ही मनोऱ्यांची टोकं मला एकाच वेळी कळली; खऱ्या चर्चसमोर उभी राहिले असते तर माझ्या नळीत एक मनोराही पुरता मावला नसता. व्हीलचेअरवरचा एक मुलगाही दुसऱ्या बाजूने हात फिरवत होता. त्याला सगळं दिसतं, पण म्हणाला की छपराला असे उतार आहेत हे आता कळलं.

माझ्या खोलीत पोलंडची कर्णबधिर मुलगी होती. तिच्या उशीखाली थरथरणारी चकती ठेवलेली, आगीचा भोंगा वाजला की ती हलते. ही चकती खोलीत आहे का, हे तिने आल्या आल्या तपासलं, पायातले बूट काढायच्या आधी. दिवसभर दुभाषे होते, वीसेक मिनिटांनी एकमेकांना सुट्टी देत. पण दुभाषे संध्याकाळी जेवणानंतर जातात, आणि खऱ्या गप्पा तर तेव्हाच सुरू होतात. उजेडात ती माझ्यापासून चार पावलं मागे सरकून चेहऱ्याजवळ लहान लहान खुणा करायची, म्हणजे त्या माझ्या नळीत बसत. अंधार पडला की तेही बंद.

मग मी तिला आपली दोन हातांची मुळाक्षरं दाखवली, बडोद्यात कॉलेजातल्या मैत्रिणीकडून शिकलेली. भारतीय खुणांच्या भाषेत इंग्रजी स्वर पाच बोटांच्या टोकांवर असतात: अंगठा ए, तर्जनी ई, मधलं आय, अनामिका ओ, करंगळी यू. पोलंडमध्ये एकाच हाताने अक्षरं काढतात, तिला हे नवीनच. पण दोन हातांची अक्षरं असली की एक हात तिचा आणि एक माझा चालतो! लान नदीच्या काठावर, रात्री साडेदहाला, तिने माझ्या हातावर पहिला अख्खा शब्द काढला: ‘होम’. माझ्या तळव्यावर एच, अनामिकेच्या टोकावर टिचकी, तळव्यावर तीन बोटं, तर्जनीवर टिचकी. घरची आठवण येते का, असं ती विचारत होती. मला त्या वेळी रडू आलं आणि तेही तिला हातावरूनच कळलं.

आता तक्रारी. फॉर्ममध्ये मोठी अक्षरं मागितली असूनही पहिले दोन दिवस वेळापत्रक बारीक अक्षरात भिंतीवर चिकटवलेलं. रोज रात्री छोट्या गटात दिवसाचा हिशोब होतो, तिथे बोलले. तिसऱ्या सकाळपासून फोनवर यायला लागलं. त्याहून मोठी चूक किल्ल्याची. वरच्या जुन्या गावात जायला सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट, म्हणून पुढचंही जमेल असं आयोजकांनी धरून चाललं. किल्ल्याचा चढ उभा आणि सगळी दगडी फरसबंदी. व्हीलचेअरवरची दोघं अर्ध्या वाटेत थांबली, गाडी पाऊण तासाने आली, तोवर आतली फेरी संपलेली. आयोजकांनी माफी मागितली आणि त्या दोघांना दुसऱ्या दिवशी वेगळं नेलं. पण वेगळं नेणं म्हणजे सगळ्यांबरोबर जाणं नव्हे, आणि हे मी निरोपाच्या फॉर्ममध्ये लिहिलं.

आपापल्या देशाच्या रात्री मी भाकरवडी वाटली आणि गरबा शिकवला, तीन टाळ्यांचा. बडोद्यात नवरात्रात मी आत्येबहिणीच्या ओढणीचं टोक धरून खेळते. इथे लाकडी जमीन होती. कर्णबधिर मुलं बूट काढून अनवाणी उभी राहिली आणि ढोलाचा ठेका तळपायांनी घेत माझ्याआधी टाळीवर यायला लागली.

जाणार असाल तर दोन गोष्टी. होकार देण्याआधी विचारा: रात्री दुभाषे आणि मदतनीस असतात का, आणि सहलीची वाट कुणी व्हीलचेअरवरून आधी जाऊन पाहिलीय का? आणि काठीची जादा टोकं बरोबर घ्या. त्या दगडी रस्त्यांवर माझं टोक दुसऱ्या आठवड्यातच घासून संपलं. एका जर्मन मुलीने तिचं काढून दिलं, ते माझ्या काठीला सैल बसत होतं. मग तिने केसांचं रबर तीन वेढे देऊन त्यावर घट्ट बांधलं. ते अजून तसंच आहे.