माद्रिदचं होस्टाल: प्रादो म्युझियमपासून चालत दहा मिनिटं, रात्रीचे ६८ युरो

आधी एक सांगते, स्पेनमधलं होस्टाल म्हणजे बंक बेडवालं हॉस्टेल नाही. नाव बघून मीपण आधी तो ऑप्शनच काढून टाकला होता. जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर थोड्याशा खोल्या, बरीचशी घरच्याच माणसांनी चालवलेली, आपली स्वतंत्र रूम, बहुतेक ठिकाणी बाथरूमही आतच, आणि खाली दाराशी निळी पाटी, त्यावर मोठा एच, छोटा एस आणि एक ते तीन स्टार. ती पाटी ओळखायला शिकलात की माद्रिदमध्ये स्वस्त राहायचा प्रश्न अर्धा सुटला.

आम्ही नोव्हेंबरात तीन रात्री राहिलो, मी आणि बाबा. बाबांनी कोल्हापूरला तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, कितीतरी मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवली, पण वेलास्केस आणि गोया हे स्पॅनिश चित्रकार स्वतः पाहिले ते पुस्तकातल्या पोस्टकार्डएवढ्या छपाईत. ते माझ्याकडे स्टुटगार्टला आले तेव्हा मी ठरवूनच टाकलं की बाकी काही बघू नाही बघू, माद्रिद करायचंच. वय ७१, गुडघे कुरकुरतात, त्यामुळे हॉटेल निवडताना मला एकच गोष्ट बघायची होती, प्रादो आणि रेइना सोफिया ही दोन्ही म्युझियम चालत पाहिजेत आणि दुपारी येऊन तासभर पडता आलं पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी मी एकटी गेले होते तेव्हा एअरपोर्टच्या बाजूला स्वस्त मिळालं म्हणून राहिले आणि ते फार महागात पडलं. रोज दोनदा मेट्रो बदलून पाऊण तास जायला, पाऊण तास यायला, आणि मुख्य म्हणजे माद्रिदमधले फुकट तास असतात संध्याकाळी. प्रादो सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ फुकट, रविवारी ५ ते ७. रेइना सोफिया, जिथे पिकासोचं गेर्निका हे चित्र आहे, ते ७ ते ९, मंगळवारी पूर्ण बंद आणि रविवारी फुकट वेळ दुपारी साडेबारा ते अडीच. लांब राहिलात तर नऊला बाहेर पडून रूमवर पोचेपर्यंत जीव जातो, मग दुसऱ्या दिवशी परत जायचा उत्साह राहत नाही.

यावेळी अंतोन मार्तिन मेट्रोच्या मागच्या गल्लीत घेतलं. नाव एकाचंच देत नाही कारण त्या भागात, उएर्तास आणि अतोचा रस्त्याच्या आसपास, अशी होस्टाल बरीच आहेत आणि सगळं अवलंबून आहे ते रूम कुठली मिळते यावर. बुक करताना दोन शब्द बघा, एक्स्टेरिओर म्हणजे रस्त्याकडची बाल्कनीवाली आणि इंटेरिओर म्हणजे आतल्या चौकाकडे उघडणारी. सगळ्यांना बाल्कनी हवी असते, पण उएर्तासला शुक्रवार-शनिवारी रात्री दोन-अडीचपर्यंत रस्त्यावर गर्दी असते. आमची इंटेरिओर होती, खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसायचे आणि बाकी काही नाही, पण बाबा दुपारीसुद्धा शांत झोपले.

रूम लहान, दोन वेगळे बेड, गादी घट्ट आणि चांगली, बाथरूम चकाचक. एक टेबल आणि नीट उजेडाचा दिवा होता, हे मी मुद्दाम लिहिते कारण पहिल्या रात्री गेर्निका बघून आल्यावर बाबा त्या टेबलाशी बसून बिलाच्या पाठीमागे त्यातला घोडा आठवून काढत होते, साडेअकरापर्यंत. जवळजवळ पावणेआठ मीटर लांब चित्र आहे ते, त्यांना वाटायचं आपल्या पुस्तकात छपाई खराब म्हणून रंग नाहीत, समोर उभं राहिल्यावर कळलं की पिकासोने ते केलंच आहे काळ्या-पांढऱ्या-करड्यात.

कमी काय होतं तेपण सांगते. लिफ्ट इतकी छोटी की एक माणूस आणि एक बॅग, आणि काही बिल्डिंगमध्ये लिफ्टच नाही, तेव्हा आधी मेल करून विचारा. हीटिंग सकाळ-संध्याकाळच चालायचं, जास्तीचं ब्लँकेट मागितलं तर लगेच दिलं. रिसेप्शनला रात्री कोणी नसतं, खालच्या दाराची किल्ली आपल्याकडेच देतात. ब्रेकफास्ट नाही, पण खालच्या बारमध्ये टोमॅटो-ऑलिव्ह ऑइल लावलेला टोस्ट आणि दुधाची कॉफी चारेक युरोत मिळते, बाबा शाकाहारी असून त्यांना तेच सगळ्यात आवडलं. रात्री वरण-भाताची आठवण आली तर लावापिएस भागात चालत जा, तिथे भारतीय-बांगलादेशी हॉटेलं ओळीने आहेत.

प्रादोला आम्ही एक दिवस १५ युरोचं तिकीट काढून सकाळी गेलो आणि मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फुकटात परत, फक्त गोयाची काळी चित्रं बघायला. त्याने ती म्हातारपणी स्वतःच्या घराच्या भिंतींवर काढली होती, तो गेल्यानंतर दुसऱ्यांनी ती कॅनव्हासवर उतरवली. फुकटची रांग लांब दिसते पण सरकते पटापट, साडेपाचला उभे राहिलात तर आरामात. दोन तासांत सगळं प्रादो बघायच्या फंदात पडू नका, चार खोल्या ठरवून जा.

निघायच्या दिवशी बॅगा रिसेप्शनला ठेवून घेतल्या, पैसे नाही मागितले, आणि अतोचा स्टेशनहून एअरपोर्टची २०३ नंबरची पिवळी बस ५ युरोत. फक्त फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आर्को आर्ट फेअर असतं त्या आठवड्याच्या तारखा बघून मगच बुकिंग करा, तेव्हा गर्दी असते आणि रूमचे रेट चढलेले असतात.