आसेक्रेमचा आश्रम: नुसता सूर्योदय बघून परतू नका

अल्जीरियात तामनरासेतहून जीपने लोक आसेक्रेमच्या डोंगरपठारावर सूर्योदय बघायला जातात, तो भारीच आहे, पण खरं बघायचं ते शार्ल द फुको यांचं १९११ चं दगडी घर, सुमारे २,७०० मीटरवर, अगदी साधं. हा कॅथलिक संन्यासी सहारातल्या मुस्लिम तुआरेग लोकांमध्ये राहिला, धर्मांतर जवळपास कुणाचंच झालं नाही, पण त्यांची भाषा शिकून, कविता गोळा करून केवढी मोठी डिक्शनरी केली, मला तेच त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. मात्र फ्रेंच लष्कराशी त्यांचं घट्ट नातं होतं, फ्रेंच राजवट त्यांना हवीच होती, आणि १९१६ मध्ये मारले गेले तेव्हा त्यांच्या तामनरासेतच्या गढीत बंदुका होत्या. २०२२ ला संत घोषित केलं म्हणून हे प्रश्न मिटत नाहीत, गाइडने हेही सांगायलाच हवं. रात्री थंडी जबरदस्त, जाड कपडे न्याच.