जिप्सीचा पुढचा डिफरेन्शियल: आहे तोच उघडून बांधावा, की जुना आणून बसवावा?

मारुती जिप्सीचे सर्वसामान्य ग्राहकांसाठीचे उत्पादन 2019 मध्ये थांबले, त्यामुळे आज चालणाऱ्या बहुतेक जिप्सींच्या पुढच्या ॲक्सलने बरेच पावसाळे पाहिलेले आहेत. त्यातून घरघर येऊ लागली आणि खाली तेलाचे डागही पडू लागले, तर मालकापुढे दोनच मार्ग उरतात. आपलाच डिफरेन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणारी ॲक्सलमधील दातेरी चाकांची जुळणी) उघडून बेअरिंग आणि ऑईल सील बदलून तो पुन्हा बांधायचा, किंवा सुट्या भागांच्या जुन्या बाजारातून क्राउन-पिनियनसह (एकमेकांत फिरणारे मोठे आणि लहान दातेरी चाक) पूर्ण कॅरिअर (त्यांना धरणारा सांगाडा) आणून चढवायचा. मी पहिला मार्ग निवडला आणि माझ्या एका मित्राने दुसरा. दोन्ही गाड्या मी ताम्हिणीच्या बाजूला भर पावसात चालवलेल्या आहेत, आणि पुढील मते त्या अनुभवापुरतीच मानावीत.

कोणताही निर्णय घेण्यापूर्वी आवाज खरोखर डिफरेन्शियलचाच आहे ना, हे ठरवणे आवश्यक आहे, आणि ज्या गाडीला फ्री-व्हील हब (पुढची चाके ॲक्सलच्या शाफ्टपासून मोकळी करता येणारी कळ) आहेत तिच्यात हे फारसे अवघड नाही. हब मोकळे ठेवून गाडी टू-व्हीलमध्ये चालवली असता पुढचे क्राउन-पिनियन फिरतच नाही. तरीही घरघर येत असेल तर ती पुढच्या डिफरेन्शियलची नसते, बहुधा चाकाच्या बेअरिंगची किंवा टायरची असते. हब लॉक केल्यावरच आवाज सुरू होत असेल तर संशय डिफरेन्शियलकडे वळतो, मात्र त्या वेळी पुढचा प्रोपेलर शाफ्टही (डिफरेन्शियलपर्यंत ताकद नेणारा दांडा) फिरत असल्याने त्याचे क्रॉस (टोकांचे सांधे) हाताने हलवून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. कच्च्या रस्त्यावर फोर-व्हील लावून ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना आवाजाची पट्टी बदलत असेल तर दोष सहसा दातांच्या जुळणीत असतो; दाबा किंवा सोडा, गाडीच्या वेगाबरोबर घरघर एकसारखी वाढत असेल तर तो बेअरिंगमध्ये असतो. वळताना येणारी टकटक मात्र बहुधा चाकाजवळच्या सीव्ही जॉइंटची (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा) असते आणि तिच्यासाठी डिफरेन्शियल उघडण्याचे कारण नाही.

गळतीच्या बाबतीत सर्वांत आधी ब्रीदर (ॲक्सलमधील हवेला वाट देणारी नळी) पाहावा, कारण तो चिखलाने बुजला की तापलेल्या ॲक्सलमधील दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो आणि चांगले सीलही गळके वाटू लागते. जिप्सीत आणखी एक फसवा प्रकार आढळतो. ॲक्सलच्या नळीतील आतले सील गेले की गिअर ऑईल नकलमध्ये (ॲक्सलच्या टोकाचा, चाकाबरोबर वळणारा भाग) उतरते, तेथील ग्रीस पातळ करते, आणि मग नकलच्या गोल भागावरून काळा ओघळ दिसू लागतो. पाहणारा नकलचे बाहेरचे सील बदलतो, पण मूळ वाट तशीच उघडी राहते. तेल काढताना ड्रेन प्लगचे चुंबकही पाहावे: त्यावरची मऊ करडी पेस्ट झिजेची असते आणि तिची चिंता नसावी, पण बोटांना टोचणारे कपचे निघाले तर उघडण्यावाचून गत्यंतर नाही. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरलेले आहे. तापलेला ॲक्सल ओढ्यात अचानक गार झाला की पाणी आत ओढले जाते, म्हणून ब्रीदरची नळी लांब करून बॉनेटखाली उंचावर नेणे दोन्ही मार्गांत सारखेच हिताचे आहे.

जुना कॅरिअर बसवण्याच्या बाजूने वेळेची बचत हा मुद्दा नेहमी मांडला जातो, आणि तो खोटा नाही. मात्र कॅरिअर बदलायचा असो वा बांधायचा, दोन्ही चाकांकडचे हब आणि स्पिंडल (चाक ज्यावर फिरते तो खुंट) सोडवून शाफ्ट ओढावेच लागतात. नळीतील सीलही दोन्ही वेळा वेगळे आणून बदलावे लागते, कारण ते कॅरिअरबरोबर येत नाही. म्हणजे बचत होते ती मुख्यतः फिटरच्या टेबलावरच्या कामाची.

माझ्यापुरता निर्णय झाला तो पिनियनच्या फ्लँजमुळे, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट ज्याला जोडला जातो त्या तोंडाच्या भागामुळे. मित्राने आणलेला कॅरिअर आवाजाला निर्दोष निघाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पिनियनचे सीलही बसवण्यापूर्वी नवे घातले होते. तरीही फ्लँजच्या मागे तेलाची ओल दिसू लागली, सील पुन्हा बदलले, ओल पुन्हा आली. फ्लँज पुसून उजेडात धरल्यावर सीलची कड जेथे टेकते तेथे बारीक खाच गोल फिरलेली दिसली, आणि नख फिरवले तर त्यात अडकत होते. अशा पृष्ठभागावर नवे सील फार दिवस टिकत नाही. उपाय नव्या फ्लँजचा, आणि खरी कटकट येथेच सुरू होते. पिनियनचा नट एक विशिष्ट ताण बेअरिंगवर धरून असतो आणि तो ताण आतील चुरगळणारी स्लीव्ह (नट कसताना दबत जाणारी धातूची नळी) ठरवते. केवळ सील बदलताना जुन्या खुणेवर नट परत कसून एखाद्या वेळी निभावते, पण फ्लँजच बदलला की त्या खुणेला अर्थ उरत नाही. नवी स्लीव्ह घालून ताण नव्याने लावावा लागतो. जे काम टाळण्यासाठी जुना कॅरिअर आणला, तेच काम दुसऱ्याच्या झिजलेल्या बेअरिंगवर करायची वेळ येते.

स्वतःचा डिफरेन्शियल बांधणे सुखाचे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. स्लीव्ह चुरगळायला सुरुवात होईपर्यंत लांब दांडा लावून दोघांनी जोर करावा लागतो, आणि जरा जास्त कसली गेली तर नट मागे घेऊन चालत नाही, नवी स्लीव्हच लागते; म्हणून एक जास्तीची आणून ठेवावी. माझा फिटर फ्लँजला दोरी गुंडाळून ती ताणकाट्याने ओढतो आणि काट्यावरचा आकडा पाहत नट केसभर पुढे नेतो. त्यानंतर दातांना रंग लावून ठसा पाहणे आणि डायल गेजवर प्ले (दातांमधील ढिलाई) तपासणे, यांत अर्धा दिवस सहज जातो. हे करणारा माणूस जवळपास नसेल, तर माझी पसंती तुमच्या उपयोगाची नाही.

क्राउन किंवा पिनियनचा दात तुटलेला असेल तर जुना कॅरिअर घेणेच बहुधा शहाणपणाचे ठरते, कारण ही जोडी एकमेकांवर घासून जुळवलेली असते आणि त्यातला एकच भाग बदलता येत नाही. तो घेताना क्राउनचे आणि पिनियनचे दात मोजून गुणोत्तर मागच्या ॲक्सलशी जुळते का, हे पाहावे. जुळले नाही तर फोर-व्हील लावताच पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांविरुद्ध ओढू लागतात. विक्रेत्याची हरकत नसेल तर तेथेच नट सोडवून फ्लँज बाहेर काढावा आणि सील टेकते त्या जागी नख फिरवून पाहावे. हरकत असेल, तर नवा फ्लँज, स्लीव्ह आणि फिटरची मजुरी किमतीत धरूनच भाव करावा.