नोबिवॅक केसी: टिप्याच्या नाकातली लस

गेल्या वर्षी गणपतीला आम्ही सावंतवाडीला गेलो आणि आमच्या कुत्र्याला, टिप्याला, एका बोर्डिंगमध्ये ठेवलं. नाव लिहीत नाही. जागा स्वच्छ होती, माणसंही बरी होती, पण एका पत्र्याखाली वीसेक कुत्रे. गिरगावात परत आणल्यावर चौथ्या रात्री तो खोकायला लागला. पिपाणी गिळल्यासारखा घोगरा आवाज, आणि शेवटी उमाळा येऊन पांढरा फेस. मला वाटलं हाड अडकलं. तोंडात बोटं घालून पाहिलं (बोटं शाबूत आहेत). सासूबाई खाटेवरूनच म्हणाल्या, "अगं, हाड कसलं, डांग्या खोकला झालाय त्याला." आम्ही हसलो.

डॉक्टरांनी गळ्याखाली श्वासनलिका जराशी दाबली आणि टिप्या लगेच तस्साच खोकला. केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला. बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका हा जिवाणू श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांना चिकटतो, केसांची हालचाल थांबते आणि कफ वर ढकलला जात नाही. माणसाच्या डांग्या खोकल्याचा जिवाणू म्हणे याचाच चुलतभाऊ. हे घरी सांगितल्यापासून सासूबाई अख्ख्या चाळीतल्या मांजरांचं निदान करतात.

ताप नव्हता, जेवण चालू होतं, म्हणून अँटिबायोटिक दिलं नाही. पट्ट्याऐवजी हार्नेस घाला, इतर कुत्र्यांपासून लांब ठेवा, वाट बघा. सतरा दिवस वाट बघितली. आमच्या चाळीच्या भिंती कशा आहेत ते चाळवाल्यांना सांगायला नको.

आणि मी दरवर्षीचं इंजेक्शन न चुकता देते! पण त्यात केनेल कफ आणणाऱ्यांपैकी पॅराइन्फ्लुएन्झा या विषाणूची लस असते, बोर्डेटेलाची नाही. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

म्हणून यंदा ही दोन्हींवरची लस, नोबिवॅक केसी. फ्रिजमधून काढलेली भुकटी द्रवात विरघळवायची, सुई काढून टाकायची आणि ०.४ मिली एका नाकपुडीत सोडायची. वाचायला सोपं आहे. नवऱ्याने जबडा धरला, मी मागचे पाय, कंपाउंडरने चिकनचा तुकडा. औषध आत गेलं आणि क्षणात डॉक्टरांच्या चष्म्यावर शिंक. "जायचं तेवढं गेलं," ते चष्मा पुसत म्हणाले. दुसऱ्या दिवशी थोडं नाक वाहिलं, दोन-चार शिंका. ते होऊ शकतं हे आधीच सांगितलं होतं.

घ्यायची असेल तर तारखा नीट बघा. बोर्डेटेलापासून संरक्षण ७२ तासांनी सुरू होतं, पॅराइन्फ्लुएन्झापासून मात्र ३ आठवड्यांनी, आणि टिकतं वर्षभर. निघायच्या आदल्या संध्याकाळी धावत जाऊन काही उपयोग नाही. लसीतले जंतू दुबळे केलेले असले तरी जिवंत असतात, त्यामुळे त्या आठवड्यात अँटिबायोटिक चालू नको. डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, "घरात, शेजारी कुणाची केमो वगैरे चालू आहे का?" लस दिलेला कुत्रा ६ आठवड्यांपर्यंत लसीतला बोर्डेटेला बाहेर टाकू शकतो. पहिल्या मजल्यावरच्या काकूंची केमो चालू आहे. त्यांच्या दारात जाऊन चकली मागणं टिप्याचं दीड महिना बंद. त्याला ते अजून पटलेलं नाही.

सावंतवाडीच्या मामंजींना सांगितलं तर ते गोठ्यातून ओरडले, "आमच्या म्हशींका घटसर्पाची सुई, नि तुमच्या कुत्र्याक नाकात थेंब!" पावसाळ्याआधी त्यांच्या गोठ्यात टोचणी होते. म्हशीच्या नाकात काही सोडायची वेळ आली तर धरायला कोण जाणार, हा प्रश्न मी विचारला नाही.

तपासणी धरून हजाराच्या वर गेले, स्वस्त नाही. ही लस म्हणजे चिलखतही नव्हे, केनेल कफ आणणारे इतरही जंतू आहेत. पण यंदा टिप्या त्याच बोर्डिंगमध्ये नऊ दिवस होता, शेजारच्या पिंजऱ्यातला लॅब्रेडॉर खोकत होता, आणि परत येऊन आज सोळा दिवस झाले. रात्री फक्त घोरतो.