‘शेठ, मोठा क्लच टाका’ : जुन्या टाटा-मर्सिडीजच्या बाबतीत झालेली फसवणूक

जुना ट्रक पुन्हा चालता करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, खास करून बॉनेटवर तारा असलेली टाटा-मर्सिडीज ज्यांच्या दारात उभी आहे त्यांच्यासाठी. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणाऱ्या डायमलर-बेंझचा करार १९५४ ते १९६९ चालला. म्हणजे तारेवाल्या गाड्या आता पन्नाशीच्या पुढे गेल्या. त्यांच्या मालकाला सुटा भाग मिळवायची किती घाई असते, हे बाजारात काही लोक बरोबर ओळखून असतात.

आमची गाडी १९६८ ची, काकांनी घेतलेली. चढाला लागली की इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. क्लच घसरत होता, म्हणजे इंजिनचा जोर चाकांपर्यंत पोचत नव्हता. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवली, क्लच प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट काढली आणि मला त्याच्या ओळखीच्या दुकानात नेलं. प्लेट ३१० मिमी व्यासाची होती. दुकानदाराने ती हातात घेतली आणि म्हणाला, “शेठ, ३१० आता येतच नाही, बंद झाली. ३५२ टाका. मोठा क्लच, मोठी ताकद. घाट हसत चढेल.” मिस्त्रीने मान डोलावली. फ्लायव्हीलला, म्हणजे क्लच ज्यावर बसतो त्या इंजिनच्या जड चाकाला, नवी भोकं पाडावी लागतील, तेही लेथवाल्याकडून करून देतो म्हणाला. जुना सेट ‘जमा’ म्हणून ठेवून घेतला आणि साडेअठरा हजार रुपयांची कच्ची पावती दिली. तिच्यावर ना पार्ट नंबर, ना जीएसटी.

‘३१० बंद झाली’ हे धादांत खोटं होतं. ही मापं अनेक वर्षं अनेक गाड्यांना लागत आली आहेत. पुढे दुसऱ्या गावात मला हीच प्लेट सहज मिळाली.

नवा सेट बसला आणि गाडी सोडताना थरथरायला लागली. पेडल दगडासारखं जड झालं. थोड्याच दिवसांत जळका वास यायला लागला आणि चढाला पुन्हा तेच, क्लच घसरतोय. त्या मिस्त्रीने “रुळेल हळूहळू” एवढंच सांगितलं. मग गाडी एका वयस्कर फिटरकडे नेली. सरकारी गाड्यांच्या कार्यशाळेत त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी सगळं उघडून एकेक वस्तू माझ्यासमोर मांडली.

फ्लायव्हीलचा प्लेट टेकण्याचा मशीन केलेला भाग त्यांनी व्हर्नियरने मोजला. तो जेमतेम ३२० मिमी भरला आणि त्याच्या बाहेर खोलगट खाच होती. ३५२ ची प्लेट बसवल्यावर तिची कड सगळीकडून सोळा मिमी अधांतरी राहत होती. तेवढ्या पट्ट्याला फ्लायव्हील लागतच नव्हतं, आणि तिथलं लायनिंग (प्लेटवरचा घासणारा थर) कडेने तुटलेलं होतं. क्लच किती जोर पेलतो हे लायनिंगची पकड, स्प्रिंगचा दाब आणि घासणाऱ्या भागाची सरासरी त्रिज्या यांवर ठरतं. बाकी सगळं तेच ठेवून ३१० वरून ३५२ वर गेलं, तर कागदावर फार तर तेरा-चौदा टक्के वाढ होते. इथे तर कड टेकतच नव्हती, मग ती वाढ कुठून मिळणार? वर कडक स्प्रिंगमुळे पेडल दाबून ठेवलं की सगळा जोर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) थ्रस्ट वॉशरवर, म्हणजे त्याचा पुढे-मागे होणारा रेटा पेलणाऱ्या चकतीवर जातो. नवी भोकं पाडल्यावर फ्लायव्हील बॅलन्सही केलेलं नव्हतं, थरथरण्याचं एक कारण ते.

माल नवाही नव्हता. प्लेटच्या हबवर, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागावर, आतल्या दात्यांना झिजून धार आली होती. म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवं लायनिंग रिबिट करून ती विकली होती. प्रेशर प्लेटचा रंग खरवडला तर खाली गंज दिसला आणि नंबर ग्राइंडरने घासून काढलेला. खोका मात्र चकचकीत होता.

मला सगळ्यात जास्त संताप पुढच्या गोष्टीचा आला. बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या आत तेलाचे ओघळ होते. क्रँकचं मागचं ऑइल सील गळत होतं आणि तेल प्लेटवर येत होतं, म्हणून पहिली प्लेट घसरत होती. मापाचा काही संबंधच नव्हता. गिअरबॉक्स उतरवल्यावर हे कुठल्याही मिस्त्रीला दिसतंच. त्या मिस्त्रीला त्या दुकानातून कमिशन मिळतं, हे इतर गाडीवाल्यांकडून नंतर कळलं. सील बदलून आणि ३१० चं नवं लायनिंग टाकून जे काम झालं असतं, त्यासाठी आमचं मूळ फ्लायव्हील खराब केलं गेलं आणि मूळ प्रेशर प्लेटही गेली.

आता माप कसं घ्यायचं ते सांगतो. जुन्या गाड्यांमध्ये इंजिन किंवा गिअरबॉक्स कधीतरी बदललेली असते, त्यामुळे आरसी पुस्तकावरचं मॉडेल सांगून प्लेट मागू नका. फ्लायव्हीलचा टेकणारा भाग मोजा. समोरासमोरच्या बोल्टच्या भोकांमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत घ्या. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचे दाते मोजा आणि पैसे देण्याआधी प्लेट त्या शाफ्टवर चढवून बघा. ती अलगद सरकली पाहिजे, डुलता कामा नये. हबची लांब बाजू कुठल्या दिशेला होती त्याचा फोटो काढून ठेवा, आणि रिलीज बेअरिंगची (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगची) उंची जुन्याशी जुळते का ते पाहा. कोणी फ्लायव्हीलला भोक पाडायचं नाव काढलं, तर काम तिथेच थांबवा.

जुना सेट गाडी नीट चालल्याशिवाय कुणाला देऊ नका. पक्कं बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर आणि व्यास लिहून घ्या. फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. खोटी प्लेट, खोका आणि कच्ची पावती मी जपून ठेवली आहे. फिटरकाकांनी मापांसकट लेखी अहवाल सही करून दिला आणि तक्रारीला तोच जोडला आहे. दुकानदाराचं उत्तर अजून आलेलं नाही.